मालकीण सांगेल

धोंडबा मिस्त्रीने नकाशा मधल्या खोलीत जमिनीवर पसरला, चारही कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले आणि बोट फिरवत विचारू लागला. भिंती उभ्या झाल्या होत्या, वर कवेलू चढली होती. आता आतलं काम तेवढं राहिलं होतं.

"मागचं दार कोणीकडे उघडाचं, काका?"

"विहिरीकडे."

"न्हाणीचं पाणी?"

"पेरूकडे सोड."

"फडताळ?"

"कागदावर आहे तिथंच."

बळीराम उकिडवा बसून उत्तरं देत होता. त्यात अवघड काही नव्हतं. मग धोंडबाचं बोट स्वयंपाकघरावर आलं आणि थांबलं.

"ओटा. लांबी पाच फूट, रुंदी दीड फूट. उंची…" त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. "उंची मालकीण सांगेल."

वाचून झाल्यावर त्याने जीभ चावली.

नकाशा गल्लीतल्या आनंदरावांनी काढून दिला होता. सरकारी कचेरीत त्यांचं कामच नकाशे काढायचं. प्रत्येक खिडकीची, प्रत्येक दाराची उंची त्यांनी लिहिली. ओट्याशी आल्यावर भागीरथेला विचारलं, तर ती म्हणाली, "कागदावर काय दाखवू भाऊ? घर होऊ द्या, मी उभी राहीन अन् हातानं दाखवीन." आनंदराव हसले आणि तसंच लिहून मोकळे झाले.

सगळ्या घरात तिने मागितला होता तो एवढा ओटा. चोवीस वर्षं ती चुलीपुढे बसून रांधत आली. शेवटी शेवटी गुडघे असे धरायचे, की उठताना भिंत धरावी लागे. बेशाकडे प्लॉट घेतला तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, "आता मी उभ्यानं भाकरी थापीन." पाया भरून झाला आणि चैत्रात तिला कावीळ झाली. पंधरा दिवसांत सगळं आटोपलं.

"बत्तीस इंच घ्या," श्रावण म्हणाला. बळीरामचा हा एकुलता मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होता. पाळी सुटली की सायकलवर इकडे यायचा. "सगळीकडे बत्तीसच राहते."

"तुही माय सगळीकडली होती काय?"

श्रावण हळूच म्हणाला, "मंग सखूमावशीले विचारा, बाबा. तिले माहीत राहीन."

"कोष्ट्यानं मापाचं दुसऱ्याले विचाराचं? जा, चहा सांग मिस्त्रीले."

धोंडबाला त्याने दोन दिवसांची मुदत मागितली.

त्या दोन दिवसांत बळीरामने किती वेळा डोळे मिटून भागीरथेला उभं करायचा प्रयत्न केला, त्याला गणती नाही. ती उभी राहीना. दिसायचे ते तिचे पाय. त्याचा माग खड्ड्याचा. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या बरोबरीने बसतो, नजर कापडावर, आणि घरातलं माणूस आलंगेलं की कडेने दिसतात ती त्याची पावलं. चोवीस वर्षं त्याने तिचे पाय पाहिले. कोणती टाच भेगाळलेली, कोणत्या बोटातली जोडवी झिजलेली, सगळं तो सांगू शकला असता. ताण्याच्या उभ्या सुताला लावायची उकळती खळ एकदा सांडली, त्याचा डाग डाव्या नडगीवर, घोट्याच्या वर तीन बोटं. तो डाग कसा आधी लाल होता, मग पांढरा पडला, हेही त्याला आठवत होतं. पण तिची कंबर आपल्या कुठे लागायची? खांद्याला डोकं लागायचं की हनुवटीला? काही आठवेना. बायकोशेजारी उभं राहायचं काम माणसाला पडतंच किती?

तिच्या लुगड्यांवरून माप निघालं असतं. पण एक चितेवर गेलं, बाकीची तेराव्याला वाटून झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या घरी तोंड धुताना त्याची नजर भिंतीवरच्या फणीकडे गेली आणि हातातलं पाणी हातातच राहिलं.

फणी म्हणजे मागावर सूत ज्यातून ओवतात ती लांब पट्टी. कापडाचा पन्हा, म्हणजे लुगडं नेसल्यावर कमरेपासून खाली येते ती रुंदी, तिच्यावरून ठरतो. लग्न झालं तेव्हा भागीरथा एवढीशी होती. बाजाराच्या पन्ह्याचं लुगडं तिच्या पायात यायचं, कमरेला दुमडलं तर सुटायचं. बळीरामने पहिल्याच वर्षी तिच्यापुरती वेगळी फणी केली, वीतभर कमी. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी खूप चिडवलं. "बायकोच्या मापाचा माग केला गा यानं!" तेव्हापासून तिची सगळी लुगडी त्याच फणीवर झाली. दिवाळीचं एक, अखजीचं म्हणजे अक्षय्य तृतीयेचं एक.

ती फणी खांद्यावर टाकून तो बेशाला गेला.

"अरे बापा," धोंडबा म्हणाला, "कोण्या राक्षशिणीचे केस विंचरता काका हिच्यानं?"

"मालकिणीचं माप आहे. टेप काढ." बऱ्याच दिवसांनी बळीरामचा आवाज मोकळा होता. फणी भिंतीला उभी लावून त्याने हिशेब सांगितला. एवढं कमरेला खोवण्यात जाते, ते वजा. खाली घोटा ते जमीन, ते धर. कमरेच्या किती खाली ओटा ठेवता तुम्ही? ते वजा. अठ्ठावीस आले.

"बुटका होईल, काका."

"तिच्यापुरता होईल."

धोंडबाने अठ्ठावीसवर विटा लावल्या, वर काळी फरशी बसवली.

फरशी बसली त्याच दिवशी दुपारी सखूबाई आली. ही भागीरथेची धाकटी बहीण, दिलेली कुहीला. नवे तांदूळ घेऊन आली होती. घर फिरून पाहिलं, पदराने डोळे पुसले, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहिली. हात टेकायला तिला वाकावं लागलं.

"भाऊजी, हे काय? ताईले वाकून थापाले लावता काय?"

"तिच्याच मापाचा आहे."

"कोणं देल्लं माप?"

बळीरामने कोपऱ्यातली फणी दाखवली. सखूबाईने तिच्यावरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ फिरवतच राहिली.

"लग्नातली काय हे?"

"हो. तिचं लुगडं हिच्यावरच."

"भाऊजी, लग्नात ताई पंधरा वर्साची होती. मंग वाढली नाही काय ते? श्रावण झाला तवा माह्याएवढी होती."

"बोलली नाही कधी."

"मले बोलली ना. कुहीले आली का बाया हसत अन् म्हणत, नदीतून येऊन राहिली काय वं, लुगडं वर खोसून? मी म्हटलं, सांग भाऊजीले. तं म्हणे, त्याईनं माह्या अंगाचं माप घेतलं, कोणाचा नवरा घेते वं? आता ते चुकलं म्हणून कोण्या तोंडानं सांगू?"

बळीरामला नडगीवरचा डाग आठवत होता. घोट्याच्या वर तीन बोटं. लुगडं पुरत असतं तर तो डाग झाकलेला राहिला असता. रोज डोळ्यांसमोर होता. ताण्यातला एक धागा तुटला तर हातभरावरून टिपणारी नजर त्याची.

धोंडबा दारातून ऐकत होता. तो आत आला, फरशीवर हात दाबून म्हणाला, "मसाला वलाच आहे, काका. वर घेतो. ताई, तुमी जरा उभ्या राहा."

फरशी उचलली गेली, विटांचा थर चढला. सखूबाईने हात ठेवून पाहिला, भाकरी थापल्यासारखा केला, अजून थोडं म्हणाली, मग बरोबर म्हणाली. धोंडबाने टेप लावला.

"बत्तीस."

श्रावण दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

बळीराम भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. तिथून त्याला ओट्यापुढे उभ्या असलेल्या सखूबाईचं लुगडं दिसत होतं. बाजारचं होतं, साधं. पार टाचेपर्यंत आलेलं.

"कागदावर लिहून ठेवतो काका, बत्तीस," धोंडबा म्हणाला. "अन् खुंट्या किती उंचीवर ठोकू?"

"श्रावणाले विचार."

"अन् खिडकीचं—"

"सगळं त्याले विचार," बळीराम म्हणाला. "मले आता काही विचारू नको गा."