साहेबांची तपासणी

धंद्यामुळे त्याचा स्वभाव शंकेखोर झाला होता, की स्वभावच शंकेखोर म्हणून तो तपासनीस झाला, हे त्याच्या बायकोलाही कधी उलगडलं नव्हतं. पंपांच्या कारखान्यात तो तयार झडपा तपासायचा. हवेचा दाब द्यायचा, पाण्यात बुडवायचा आणि एक बुडबुडा दिसला तरी माल बाजूला काढायचा. बारीक गळतीचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या खोलीत मोबाइलला बंदी होती. बंदी साहेबांची, पण ती पाळून घेण्यात पुढे हाच. कामगार त्याला शंकासूर म्हणायचे, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं.

कारखान्याचा तो विभाग बंद झाला आणि शंकासूर पन्नाशीच्या तोंडावर घरी बसला. आता घरातली कुलपं, नळ आणि गॅसची बटणं दिवसभर तपासली जाऊ लागली. बायको मेटाकुटीला आली आणि तिनं आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तो लोकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या कंपनीत होता.

"भावजी, बायोडेटा एका पानात बसवा," मेहुणा म्हणाला. "कष्टाळू, प्रामाणिक वगैरे काढून टाका, ते सगळेच लिहितात. तुम्ही कोणते दोष पकडलेत ते लिहा. मुलाखतीत जुन्या कंपनीबद्दल वाकडा शब्द नको. चौकशीसाठी साहेबांचा नंबर द्या, पण आधी त्यांना स्वतः फोन करून तसं सांगा."

शंकासुरानं सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. त्याचं कारण होतं. विभाग बंद होण्याआधी, साहेबांनी गिऱ्हाइकाला कबूल केलेला अख्खा माल त्यानं अडवला होता. तेव्हा साहेब सगळ्यांदेखत ओरडले होते, "तुझ्यापायी एक दिवस टाळं लागेल इथं!" टाळं खरंच लागलं. ते त्याच्यापायी नव्हतं, पण साहेबांना तसं वाटत नसेल कशावरून?

दवाखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीतली मुलाखत झकास झाली. भरती बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या साहेबांशी एकदा बोलते, मग नक्की करू." आणि नेमके साहेबच आडवे आले तर? या वयात दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

"तू फोन कर साहेबांना," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "कंपनीतून बोलतेय असं सांग. बघू तरी, माझ्या माघारी काय बोलतात."

"अहो, सरळ तुम्हीच करा ना! भावानं काय सांगितलं होतं?"

"माझ्याशी ते गोडच बोलतील. त्याला काय अर्थ आहे?"

शेवटी तिनं घसा साफ केला आणि फोन लावला. शंकासूर कान टवकारून शेजारी बसला. साहेब आधी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "माणूस कसा? अहो, त्यानं पास केलेल्या मालावर मी डोळे मिटून सही करायचो. भांडतो, पण कामासाठी भांडतो. डोळे झाकून घ्या त्याला. फक्त डबा वेळेवर खातो की नाही, तेवढं बघा."

फोन ठेवल्यावर बायकोनं भुवया उंचावल्या. "डब्याचं कुठून काढलं यांनी?" शंकासुराच्या मनातही पाल चुकचुकली होती. पण एवढं कौतुक त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि बुडबुडा दिसत असताना त्यानं माल पास केला.

दोन दिवसांनी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. आवाज थंड होता.

"तुमच्या साहेबांनी मला वहिनी का म्हटलं? 'वहिनी, परवा सांगितलं तेच किती वेळा ऐकणार?' असं म्हणाले आणि हसत फोन ठेवला. परवा कोणी फोन केला होता त्यांना?"

खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली खोट पकडलेल्या माणसाला स्वतःचं खोटं सुचेना. "माझ्या बायकोनं," तो म्हणाला. "मीच करायला लावला."

बाई म्हणाल्या, "मी आता पुन्हा फोन करणार नाही. त्यांना काही सांगायचं असेल तर माझा हा नंबर द्या. आज संध्याकाळी आम्ही नाव नक्की करतोय."

आता साहेबांना फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शंकासुरानं लाजेनं अर्धमेलं होऊन सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले आणि मग एकदम चपापले. "अरेरे. म्हणजे ती बाई खरी होती?"

"तुम्ही बायकोला ओळखलंत कसं?"

"मोबाइलला बंदी होती ना तुझ्या खोलीत? इतकी वर्षं तुझ्या घरचा फोन माझ्या टेबलावर यायचा. 'त्यांना सांगा, डबा खा.' मी नुसतं 'बरं' म्हणायचो; वहिनींना वाटायचं, कोणी कारकून आहे. पहिल्या शब्दाला ओळखलं."

शंकासुराला नवी शंका आली. "म्हणजे परवा जे बोललात, ते बायको ऐकतेय म्हणून बोललात?"

"तुला काय वाटतं?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता हसू नव्हतं. "अजून एखाद्याला फोन करायला लावून बघतोस का? नाहीतर त्या बाईंचा नंबर दे."

खोलीतल्या घड्याळाकडे त्याची नजर गेली. साहेब बाईंना काय सांगतील, हे आता कुठल्याच युक्तीनं कळणार नव्हतं. साहेबांनी कबूल केलेला आणि आपण अडवलेला तो माल त्याला आठवला, ते ओरडणंही आठवलं. मग त्यानं एकेक आकडा सावकाश सांगितला.

आकडे परत एकदा म्हणून दाखवा, असं अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. साहेबांनी फोन ठेवला.

दारात उभ्या बायकोनं विचारलं, "काय सांगणार आहेत ते त्यांना?"

"माहीत नाही."

"मी फोन करून विचारू?"

"नको," तो म्हणाला, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिला.