मागचा सेन्सर काढला तेव्हा

मी एक जुना सेन्सर आहे, मित्रांनो. बोटाएवढा लांब, टोकाला भोकाभोकांची टोपी आणि मागे वायरची शेपूट. तुम्ही मला ओळखत नाही, याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. जे मला ओळखतात, तेच मला काढून टाकतात!

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. मला भट्टीत भाजलं, चार वेळा तपासलं आणि एका नव्या गाडीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत बसवलं. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगायचं, हे माझं काम. इंजिनातून निघालेला धूर आधी एका डब्यातून जातो. त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. ती धुरातलं विष कमी करते. डब्याच्या पुढे एक सेन्सर असतो आणि डब्याच्या मागे मी. पुढचा तो थोरला, त्याचा मान मोठा. पेट्रोल किती द्यायचं ते गाडीतला कॉम्प्युटर त्यालाच विचारून ठरवतो. थोरल्याचं काही चुकलं तर गुपचूप सावरायचं आणि डबा ठीक आहे ना यावर नजर ठेवायची, एवढंच माझ्याकडे होतं. पण ते मी नऊ वर्षं चोख केलं.

आमची गाडी ड्रायव्हिंग शिकवायची होती. तिची मालकीण म्हणजे शिकवणाऱ्या मॅडम. बाजूच्या सीटवर बसायच्या, पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक. किती जणांनी आम्हाला हिसके दिले, गचके दिले, गाडीने सगळं सोसलं. मॅडम तिच्या बॉनेटवर थाप मारून म्हणायच्या, "गुणाची आहे गं माझी बाई." तेव्हा खाली नळीत माझीसुद्धा छाती फुगायची.

नवव्या वर्षी थोरला थकला. पेट्रोल भरपूर असतानाही तो कॉम्प्युटरला सांगू लागला, "कमी पडतंय, अजून द्या." मी मागून ओरडायचो, "अहो, पुरे! धूर बघा जरा!" कॉम्प्युटर माझं ऐकून थोडं पेट्रोल कमी करायचा. असे काही महिने निभावले. शेवटी माझ्या हातात होतं तेवढं संपलं. मग नियमाप्रमाणे मॅडमच्या समोर पिवळा दिवा लागला.

मॅडमचा धाकटा भाऊ गॅरेज चालवायचा. हात चलाख, धीर मात्र पैचा नाही. तो गाडीखाली शिरला आणि म्हणाला, "ताई, हा मागचा नुसता चुगलखोर आहे. इंजिन चालतं पुढच्यावर. याला काढला की कटकट मिटली."

"अरे, पण कंपनीने उगाच लावलाय का?"

"धूर तपासायला लावलाय गं. गाडी पळवायला नाही."

त्याने मला पाना लावून काढलं, भोकात बोल्ट ठोकला आणि लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरला माझं नाव विसरायला लावलं. दिवा विझला. मी फरशीवर पडलो, टोकाला चीर गेली. मॅडमनी मला कागदात गुंडाळून गाडीतल्या समोरच्या कप्प्यात ठेवलं. मी तापल्याशिवाय मला वास येत नाही, मित्रांनो. त्या कप्प्यात मी गार पडून होतो. कान तेवढे शाबूत होते, आणि तेच वाईट झालं.

त्याच सुमाराला काकू शिकायला आल्या. वय छप्पन्न. बसायला घरून उशी आणायच्या. त्यांच्या यजमानांची नजर अधू होत चालली होती. दर पंधरा दिवसांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला दूरच्या इस्पितळात जावं लागे. घरची गाडी दारात धूळ खात उभी होती. "आता ह्यांना मीच नेणार," असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि सांगताना स्वतःच लाजल्या.

सपाट रस्त्यावर काकू झकास शिकल्या. घोडं अडलं ते चढावर. चढावर गाडी निघायची, थरथरायची आणि बंद.

"काकू, क्लच सावकाश."

"सावकाशच सोडला गं."

"नाही सोडला. पुन्हा करा."

पुन्हा बंद. मला इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. ते अडखळत होतं. आता सावरणारं कुणी नव्हतं. थोरला मागेल तेवढं पेट्रोल मिळत होतं, ते धड जळत नव्हतं. न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन पेटत होतं आणि आतली जाळी वितळून तोंड बुजत चाललं होतं. इंजिनाला श्वास सोडायला वाट उरली नव्हती. मला सगळं कळत होतं. मी करणार काय? माझी शेपूटसुद्धा कशाला जोडलेली नव्हती.

आणि शिकाऊ गाडी बंद पडली तर गाडीवर संशय घेतो कोण? ती शिकणाऱ्याच्या हातून बंद पडायचीच. तरणी पोरं ॲक्सिलरेटर दणकून दाबायची, म्हणून त्यांचं निभावून जायचं. मॅडमचा पाय मुरलेला, तो नकळत जास्त दाबायचा. काकू मात्र शिकवलं होतं तश्शाच, हलक्या पायाने चालवायच्या. म्हणून बंद पडायची ती नेमकी त्यांच्याच पायाखाली.

पहिल्या परीक्षेत चढावर तीनदा बंद पडली. दुसऱ्या परीक्षेतही तेच. परीक्षक साहेब मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, अजून सराव करा." काकू खाली उतरल्या. काका बाकावर वाट बघत होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी हसत विचारलं, "झालीस ना पास?"

काकूंनी आधी त्यांना हात देऊन उठवलं. उशी काखेत घेऊन मॅडमना म्हणाल्या, "नको गं आता. माझ्या पायातच नाही ते."

मी त्या कप्प्यात जीव तोडून ओरडलो असतो हो! पण सेन्सरचं ओरडणं म्हणजे वायरीतून जाणारी चिमूटभर वीज. वायर तुटली की संपलं.

आठच दिवसांत गाडी मॅडमच्या हातूनही चढेना. भाऊ गावाला गेला होता, म्हणून त्यांनी ती दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी डबा उघडला. जाळीचा काळा गोळा झाला होता.

"मागचा सेन्सर कुठाय?"

मॅडमनी मला कप्प्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"हा सांगत असणार की! याला का काढलात? बरं, गाडी बंद किती दिवसांपासून पडते?"

"शिकाऊ गाडी आहे हो, बंद तर..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. तिथेच उभ्याने त्यांनी काकूंना फोन लावला.

"काकू, तुमची चूक नव्हती. गाडीतच दोष होता. खरंच सांगते. या परत, मी शिकवते."

काकूंचा आवाज मला नीट ऐकू आला.

"पोरी, तू मनाला नको लावून घेऊस. इतकी माणसं शिकली त्याच गाडीवर. माझी समजूत काढायला गाडीला कशाला नावं ठेवतेस? आम्ही बसने जातो. ह्यांना पायऱ्या दिसत नाहीत, पण मी हात धरते."

फोन बंद झाला. 

गाडीला आता नवा डबा आणि दोन नवे सेन्सर बसलेत. चढ ती हसत चढते. चिरलेल्या टोकाचा मी मिस्त्रींच्या फळीवर पडलोय. माझं काही नाही, माझे दिवस भरलेच होते. पण मित्रांनो, एक विनवणी आहे. कुणाला "तुला जमत नाही" असं म्हणायच्या आधी, तुम्ही त्याच्या हातात काय दिलंय ते एकदा तपासा. तेव्हाच तपासा. मी नळीत असतो तर काकूंची बाजू वेळेवर मांडली असती. आता सगळ्यांना खरं कळलंय, आणि ते काकूंना पटवून देणं कुणालाच जमत नाही.