दोन ठिपके, एक ऊन

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, आणि पहिल्याच भेटीत सांगून टाकतो, मी वाकडा आहे. हसू नका मित्रांनो. या वाकडेपणावर मी आयुष्यभर जगलो.

एका कारखान्यात, खिडकीलगतच्या लांब टेबलावर मी घडलो. आधी मी पुठ्ठ्याच्या दोन पोकळ वाट्या होतो. त्या जोडल्यावर एका बाईंनी माझ्यावर होडीच्या आकाराच्या कागदी पट्ट्या एकेक करून चिकटवल्या. किनाऱ्याला किनारा जुळेपर्यंत त्या श्वाससुद्धा जपून घेत. शेवटी मला लोखंडी कमानीत तिरपे बसवले. "साडेतेवीस अंश हं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "यात खोट आली तर पोरांचे सगळे ऋतू चुकतील."

शाळेत आलो तेव्हा माझे कोण कौतुक झाले! मला फिरवायला रांग लागायची. मग वर्गात पडदा आला, त्यावर हलणारी चित्रे आली, आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्यावर इतकी धूळ बसली की वाळवंट कुठले आणि समुद्र कुठला, हे माझे मलाच कळेना.

एका हिवाळ्यात मला पुन्हा खाली उतरवले गेले, ते एका मुलीमुळे. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय कधी एका जागी ठरत नसे. तिची आई पवनचक्क्या दुरुस्त करायची. उंच खांबावर चढायचे आणि वर जाऊन यंत्राचे दुखणे शोधायचे, असे तिचे काम. त्याच कामासाठी ती समुद्रापलीकडे, जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे गेली आणि इकडे भिंगरी गप्प झाली. तिला सांभाळणारी मावशी एकदा भूगोलाच्या बाईंना भेटायला आली.

"बाई, आता ती फोनच घेत नाही. म्हणते, आई सारखी अंधारात असते. आणि तिकडे उजाडलं की आपल्याकडे अंधार. आमचं काही जुळतच नाही, म्हणते."

बाई उठल्या. मग स्टूल घेऊन त्यांनी मला कपाटावरून काढले आणि आपल्या ओढणीने पुसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर दोन लाल ठिपके लावले, एक भिंगरीचा आणि एक आईचा. खिडक्या झाकल्या आणि विजेरी लावली. "हा सूर्य. आता उन्हाळा आला असं समजा. बघ भिंगरी, तुम्ही दोघी एकत्र उन्हात येता की नाही."

त्यांनी मला हळूहळू फिरवले. भिंगरीचा ठिपका उजळला, आईचा अंधारात. आईचा उजळला, भिंगरीचा बुडाला. बाईंनी पुन्हा फिरवले. पुन्हा तेच.

"मी म्हणत होतेच," भिंगरी म्हणाली. ती रडली नाही. खाली मान घालून बाकावर जाऊन बसली.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचे होते, पण गोलाला तोंड कुठले? काही वर्षांपूर्वी माझी कमान ठोकून सरळ केली होती! मी उत्तर टोक वर करून ताठ उभा होतो, आणि असा ताठ गोल सगळ्यांना बारा महिने सारखाच दिवस देतो.

वर्ग सुटल्यावर बाईंनी मला निरखून पाहिले आणि कपाळाला हात लावला. त्या मला घेऊन तडक मोठ्या सरांकडे गेल्या.

"सर, याला सरळ कुणी केलं?"

"मीच करून घेतलं," मोठे सर अभिमानाने म्हणाले. "पाहुणे येणार होते. टेबलावर वाकडी वस्तू बरी दिसते का?"

"अहो सर, पृथ्वीच वाकडी आहे!"

सर माझ्याकडे बघत राहिले. मग कानाची पाळी चोळत म्हणाले, "मग चूक सुधारायला मीच जातो." आणि खरोखरच स्वतः मला काखेत मारून ते वेल्डिंगच्या दुकानात गेले. कोनमापक लावून त्यांनी माझा कल परत आणवला. कमान तापली तेव्हा मला चटका बसला, पण इतका सुखाचा चटका मी कधी सोसला नव्हता.

पुढच्या तासाला विजेरी मोठ्या सरांनी धरली. बाईंच्या सांगण्यावरून मुलांनी माझ्यावर मोहरीचे दाणे चिकटवले होते. जिथे माणसे जास्त, तिथे दाणे दाट. बहुतेक दाणे माझ्या वरच्या अर्ध्या भागात गेले, आणि महासागराची भलीमोठी बाजू जवळजवळ मोकळी राहिली. बाईंनी माझे उत्तर टोक विजेरीकडे कलवले आणि मला फिरवू लागल्या. तो मोकळा महासागर अंधारात गेला, तशा त्या थांबल्या.

वर्गाने आ वासला. जवळजवळ सगळे दाणे उजेडात होते! कुणाच्या डोक्यावर भर दुपार, कुणाकडे झुंजुमुंजू, कुणाकडे कातरवेळ. दोन्ही लाल ठिपकेसुद्धा उजेडाच्या दोन काठांवर चमकत होते.

"पृथ्वीचा कल आणि माणसांनी निवडलेल्या जागा, दोन्हींची अशी गाठ पडते," बाई म्हणाल्या. "जुलैच्या सुरुवातीला असा एक क्षण येतो की जगातली बहुतेक माणसं एकाच वेळी थोड्याफार उजेडात असतात."

"आत्ता का नाही?" भिंगरीने विचारले.

"आत्ता आपलं टोक सूर्यापासून लांब कललंय. दिवस मोठे होऊ देत."

त्या संध्याकाळी भिंगरीने फोन घेतला, असे मावशीने येऊन सांगितले. "आई, जुलैपर्यंत थांब हं," एवढेच बोलली म्हणे. पण बोलली!

जुलै आला. शाळा सुटल्यावर बाईंनी मला मैदानात नेले. पाऊस उघडला होता, ऊन कलले होते, सावल्या लांब झाल्या होत्या. मावशीने व्हिडिओ कॉल लावून फोन भिंगरीच्या हातात दिला.

"आई, बाहेर ये."

"आले गं. बूटसुद्धा घातले नाहीत."

"ऊन आहे?"

"आत्ताच वर आलं. डोळ्यांवर येतंय."

"माझ्यापण!"

दोघी डोळे बारीक करून एकमेकींकडे बघत हसत होत्या. मावशीने उगाच पदर सारखा केला. मोठे सर दुसरीकडे बघू लागले.

भिंगरी धावत माझ्याकडे आली आणि तिने मला सूर्यासमोर धरले. माझ्या सावलीतल्या बाजूला, बेटांवर, मोजके दाणे काळोखात राहिले होते.

"बाई, हे?"

"त्यांच्याकडे आत्ता रात्र आहे. झोपली असतील माणसं."

भिंगरीने फोन तोंडाजवळ नेला. "आई," ती कुजबुजली, "आपण जरा हळू बोलू या."

मित्रांनो, मला पुसा, फिरवा, माझा कल तेवढा जपा. आणि तुमच्या दारात लख्ख ऊन असेल, तेव्हा माझ्या सावलीतल्या बाजूवर एकदा बोट ठेवा. तिथेही कुणीतरी राहते.