राजीनामा

चावी फिरवली की इंजिन एकदा कण्हायचं आणि मग नुसतं कट्-कट्-कट्. मानसिंगरावांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. उरलीसुरली बॅटरी त्यात जाते.

"आज पण नाही?" शरयूताईंनी ओसरीवरून विचारलं. शालीतून त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

"नाही, ताई. गारठलीय."

"अभि म्हणत होता, तीन महिन्यांत ही दुसरी बॅटरी. रात्री उभ्या गाडीत कोणी रेडिओ लावून बसतं का, असं विचारत होता." त्या हसल्या. "मी म्हटलं, आमचे मानसिंगराव असे नाहीत."

मानसिंगरावही हसले, पण ते वाक्य आत रुतून बसलं. खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातल्या या मराठी घरी ते एकतिसाव्या वर्षी ड्रायव्हर म्हणून आले, त्याला सत्तावीस वर्षं झाली. ताईंच्या यजमानांना, डॉक्टरसाहेबांना, शेवटचं हॉस्पिटलात त्यांनीच नेलं. साहेबांच्या मुलाला, अभिरामला, मेळ्याच्या मैदानावर क्लच सोडायला त्यांनीच शिकवलं. आता अभिराम बंगळुरूला, ताई इथे एकट्या, आणि गाडी आठवड्यातून जेमतेम दोनदा बाहेर निघायची. आज बिघाड सापडला नाही तर ती शंका या घरातच राहणार होती.

त्यांनी ताईंकडून कढत पाणी मागून घेतलं, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी धुतली, पट्ट्या आवळल्या आणि मीटर लावलं. रविवारी पडाववरच्या दुकानातून चार्ज करून आणली तेव्हा साडेबारा व्होल्ट होते. आज बुधवार, आणि अकराला टेकली होती. थंडीने बॅटरी मंदावते, पण उभ्या गाडीतली वीज थंडी पीत नाही. पिणारं दुसरंच कोणीतरी होतं.

त्यांनी बॅटरीची एक तार सोडवली आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये एक बारका बल्ब धरला. चावी खिशात, दारं बंद, दिवे बंद. बल्ब विझलेला राहायला हवा होता. तो तांबूस पेटला.

मग एकेक फ्यूज उपटायला घेतला. हॉर्न, दिवे, रेडिओ, पंखा. ज्याचा फ्यूज निघाल्यावर बल्ब विझेल तो चोर. सगळे फ्यूज निघाले, बल्ब तसाच. म्हणजे चोर थेट बॅटरीवर बसला होता.

तेव्हा कुठे ती लाल तार नजरेस आली. सुतळीएवढी बारीक, जुन्या तारांच्या जुडग्यात दडवलेली, वर नवी काळी टेप. गाडीतली एकही तार त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय लागली नव्हती. ही लागली होती. तिचा माग काढत ते स्टिअरिंगखाली उताणे झाले. वर काडेपेटीएवढी काळी डबी चिकटवलेली होती, हाताला गरम, हिरवा दिवा लुकलुकणारी. आत सिमकार्ड.

गाडी कुठे आहे हे फोनवर दाखवणारी डबी त्यांनी दुसऱ्यांच्या टॅक्सीत पाहिली होती. दिवाळीत 'मागचा कॅमेरा बसवून आणतो' म्हणून अभिराम अर्धा दिवस गाडी घेऊन गेला होता. आणि मागच्या आठवड्यात फोनवर सहज म्हणाला होता, "काका, सोमवारी फूलबागला वीस मिनट का थांबला होतात?" ताई तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आत बसल्या होत्या आणि ते स्वतः चाकांत हवा भरून घेत होते. अभिला कोणी सांगितलं, हे तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

डबी उपटून फेकता आली असती. त्यांनी तिची लाल तार बॅटरीवरून काढली आणि चावी फिरवल्यावरच जिच्यात वीज येते त्या तारेला जोडली. सांधा पिळला, टेप गुंडाळली. फ्यूज जागच्या जागी बसवले, सोडवलेली तार बॅटरीला परत लावली. शेजाऱ्यांच्या गाडीवरून दोन जाड तारा ओढल्या, चावी फिरवली. पहिल्या फटक्यात लागली.

"लागली हो!" ताईंनी टाळी वाजवली.

"ताई, अभिला फोन लावा. स्पीकरवर."

त्यांनी दोन वाक्यांत बिघाड सांगितला.

"काका, वो तो बस आईच्या सेफ्टीसाठी. तुम्ही बुरा नका मानू ना."

"सेफ्टीसाठी होती, तर मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर मग मतलब काय राहिला?" अभिराम बोलून गेला.

मानसिंगरावांनी वर पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं, ताई?"

ताईंनी शालीचं टोक सारखं केलं. "तोच म्हणाला, काकांना नको सांगू."

म्हणजे सकाळी हसल्या, तेव्हाही ठाऊक होतं.

"डबी काढलेली नाही, अभि," मानसिंगराव फोनकडे वळून म्हणाले. "गाडी चालेल तेव्हा तुला दिसेल. उभी असताना आता ती वीज पिणार नाही. आणि मी राजीनामा देतोय."

"अरे हां, हां, राजीनामा! राजीनामाच करून टाकू, काका. बात ख़त्म. सच में, दिल हलका झाला. चलो, मीटिंग आहे."

फोन बंद झाला. अभिरामचं सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. त्याचा राजीनामा हिंदीतला, कोर्टातला होता: भांडणारे दोघे समझोत्यावर सह्या करतात आणि घरी जातात. मानसिंगरावांचा मराठीतला होता.

ते ताईंकडे बघत थांबले. ताई समजावून सांगणारच. पन्नास वर्षं या घरात कोणी हिंदी वळणाचं मराठी बोललं की त्या जागच्या जागी दुरुस्त करत. बोलणारी मोलकरीण असो की स्वतःचा मुलगा.

ताईंनी फोन पदराआड ठेवला.

"उद्या थंडी आणखी आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. "थोडं लवकर या."

मानसिंगरावांनी गाडी अर्धा तास चालू ठेवली, शेजारी उभं राहून. मग बंद केली, पुन्हा लावून पाहिली. लागली. पुन्हा बंद केली. चावी ओसरीच्या कठड्यावर ठेवली. बॉनेटवर त्यांच्याच बोटांचे काळे ठसे उमटले होते. ते त्यांनी स्वेटरच्या बाहीने पुसले आणि फाटकाबाहेर पडले.