आत्याबाईंचा पियानो

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो, भिंतीला पाठ लावून उभा राहणारा. माझ्या पोटात तारा आहेत आणि त्यांच्यावर आपटणाऱ्या, मऊ लोकरीचा नमदा लावलेल्या हातोड्या. कारागिरांनी मला मन लावून घडवलं, पण माझ्या वाट्याला आलं ते भांडखोर घर.

मला आत्याबाईंनी विकत घेतलं. मोठमोठ्या सभागृहांतून वाजवायचं हे त्यांचं स्वप्न. ते काही जमलं नाही. मग त्यांनी आपल्या आईवेगळ्या भाचीला माझ्यापुढे बसवलं. पोर चुकली, की आत्याबाई माझं झाकण धाडकन आपटायच्या. एकदा तिची करंगळी सापडली. "रडू नकोस. उरलेल्या बोटांनी वाजव," त्या म्हणाल्या. ते झाकण माझंच होतं, पण मला ते थोपवता आलं नाही.

तरी पोरीच्या हातात जादू होती. मोठी झाल्यावर ती घर सोडून गेली आणि देशोदेशी कार्यक्रम करू लागली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. आत्याबाई रेडिओवर सगळं ऐकायच्या आणि शेवटी नाक मुरडून तो बंद करायच्या.

एकदा तिचा कार्यक्रम आमच्याच शहरात झाला. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. आत्याबाईंनी बसही म्हटलं नाही.

"कार्यक्रमाच्या पत्रिकेत सगळ्या गुरूंची नावं आहेत. माझं कुठे आहे?"

"मुद्दाम वगळलं."

"पट्टीवर बोट ठेवायला तुला मी शिकवलं."

"आणि झटकन काढायलाही तूच शिकवलंस, आत्या."

ती गेली. आत्याबाईंनी मला कुलूप घातलं आणि डोक्यावर कुंड्या मांडल्या. त्यांचं पाणी माझ्यात झिरपलं. लाकूड फुगलं, तारा गंजल्या, नमदा कसरीने खाल्ला. पुढची कित्येक वर्षं मी त्या दोघींच्या रागाची शिक्षा भोगली.

शेजारणीने भाचीला माझी दशा कळवली असावी. एके सकाळी पियानोचे सूर लावणारा दारात उभा राहिला.

"तुमच्या भाचीबाईंनी पाठवलंय."

"तिला स्वतःला यायला काय झालं?"

"त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी नाही, पियानोसाठी पाठवतेय."

आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. पण त्या दारातून बाजूला झाल्या.

त्याने कितीतरी दिवस खपून माझ्या तारा, हातोड्या बदलल्या. मग म्हणाला, "बघा वाजवून." आत्याबाई बसल्या. त्यांची आखडलेली बोटं पदोपदी अडखळत होती, तरी त्या थांबल्या नाहीत.

"भाचीबाईंना काय सांगू?"

"सांग, दोन सूर अजून उतरलेले आहेत."

"पण ते चोख लागलेत."

"तरी सांग."

भाची अजून आलेली नाही. सूर लावणारा मात्र वर्षाकाठी येतो, आणि आत्याबाई त्याच्याबरोबर भाचीला तीच खोटी तक्रार धाडतात.

मित्रांनो, माणसांची भांडणं मिटवणं माझ्या हातात नाही. तुम्ही भांडा, हवं तर जन्मभर अबोला धरा. पण त्यापायी घरातल्या वाद्याला मुकं करू नका. ज्या वर्षांत मला कुणी वाजवलं नाही, ती नव्या तारांनीसुद्धा परत आली नाहीत.