वाचले, समजले, सही

ती सूचना मी लिहिली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा माझ्याविषयी चांगला समज व्हायला नको.

१९७९ साल. पिंपरीच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात हेडक्लार्क होतो. सुरक्षेच्या सगळ्या सूचना मराठीत लावा, असं वरून फर्मान आलं. वर्तमानपत्रात माझी चार विनोदी पत्रं छापून आली होती, तेवढ्या पुण्याईवर हे काम माझ्याकडे आलं. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि तीन दिवसांनी प्रेस शॉपच्या भिंतीवर पाटी लागली :

‘पात-दंड ऊर्ध्वस्थितीत स्थिर झाल्याची व पदचालक विमुक्त असल्याची खातरजमा झाल्याव्यतिरिक्त साचा-कक्षात हस्तप्रवेश सर्वथा निषिद्ध.’

वर्क्स मॅनेजर रंगरावसाहेब म्हणाले, “वा ज्योतीराम! वजन आहे.” वजन होतंच. पाटी लावायला दोन माणसं लागली.

आता कामगारांनी पाटी वाचली याचा पुरावा हवा. त्यासाठी एक रजिस्टर आणि त्यात ‘वाचले, समजले, सही’ असा रकाना. पहिल्या दिवशी सोळा सह्या झाल्या. मग मी डोकं चालवलं. दर सोमवारी सही केली की चहाचं कुपन. त्या सोमवारी दोनशे चौदा सह्या आणि तेवढेच चहा. एकानं दोनदा सही केली, त्याला मी पकडलं. माझ्या नोकरीत मी पकडलेला तो एकुलता एक माणूस.

कस्तुरा ओव्हाळ आमच्याच खात्यात टायपिस्ट. तिचे वडील भिवा पॅकिंगला, खोकी ठोकायला. कस्तुरा सकाळी पुण्याला जाऊन एम.ए. करायची आणि दुपारी टाईपरायटरवर बसायची. विषय उपयोजित भाषाविज्ञान. रंगरावसाहेबांना वाटलं, हे हस्ताक्षर सुधारण्यासारखं काहीतरी असणार. तिच्या प्रबंधाचा विषय होता ‘कारखान्यातील सूचना आणि कामगार’. साहेबांनी खुशीत परवानगीचं पत्र दिलं. आपल्या पाटीचं विद्यापीठात कौतुक होणार म्हणून मीही खूश.

तिची पद्धत साधी होती. जेवणाच्या सुट्टीत, बंद प्रेसवर, एकेक माणूस बोलवायचा. पाटी वाचून घ्यायची. मग म्हणायचं, “आता हे करून दाखवा.” आणि वहीत लिहायचं. नाव मात्र कुणालाही सांगायचं नाही, हा शब्द आधी द्यायचा.

चाळीस जण झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

“काका, सदतीस जण चुकले.”

“शिकलेले नाहीत ना गं ते.”

“त्यात अकरा मॅट्रिक आहेत, दोन आयटीआय. सदतीस जण हात आत घालतात तेव्हा त्यांचा पाय पायडलवर असतो. पाय सरकला की प्रेस खाली येणार.”

“पाटीत स्पष्ट लिहिलंय. पदचालक विमुक्त.”

“चला, तुम्ही करून दाखवा.”

गेलो. हसत गेलो. प्रेससमोर उभा राहिलो, स्वतःचीच पाटी मोठ्यानं वाचली, वर बघितलं, खातरजमा केली आणि हात आत घातला.

“काका,” कस्तुरा म्हणाली, “पाय बघा.”

पाय पायडलवर होता.

“काय लिहायला पाहिजे होतं?” मी विचारलं.

“आधी पाय काढा, मग हात घाला.”

सहा शब्द. मी मोजले. वाईट वाटलं, पण पाटीचं नाही, माझ्या शब्दकोशाचं. पाटी बदलायला साहेबांची सही लागते, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या महिन्यात बघू, असं मी तिला सांगितलं. ती रोज विचारायची. मी रोज ‘बघू’ म्हणायचो. खरं कारण असं की पाटीखाली बारीक अक्षरात माझं नाव होतं.

अठराव्या दिवशी प्रेसवर निघोज्याच्या खंडूची दोन बोटं गेली.

त्याला दवाखान्यात पाहून आलो. उजव्या हाताला हे मोठं बँडेज. मला म्हणाला, “भाऊ, पाटी वाचली व्हती मी. च्या बी घेतला व्हता.” मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पण मला ऑफिस होतं, मी तिथं दाखवलं.

रंगरावसाहेबांनी रजिस्टर उघडून खंडूच्या सहीवर बोट ठेवलं. दहाही बोटं शाबूत होती, त्यांना कुठलंही ठेवता आलं असतं. “वाचले, समजले, सही. जाणूनबुजून नियमभंग. चौकशी लावा आणि काढून टाका.”

कस्तुरा पुढं आली. “साहेब, समजलं नव्हतं. चाळीसपैकी सदतीस जणांना समजलेलं नाही. माझ्याकडे नोंद आहे.”

“अस्सं? नावं द्या.”

“नावं नाही देता येणार.”

“म्हणजे सदतीस जणांनी समजलं म्हणून खोटी सही केली आणि कंपनीचा चहा प्यायले! वही इथं ठेवा. नाहीतर परवानगी रद्द. मग करा एम.ए.”

“दोन वर्षं झालीत साहेब याला.”

“मग वही ठेवा.”

“नाही ठेवणार.”

साहेबांनी मला विद्यापीठाला पत्र द्यायला सांगितलं. परवानगी मागे घेत आहोत, जमवलेली माहिती वापरू नये. मी मजकूर सांगितला. टाईप कोण करणार? खात्यात टायपिस्ट एकच. कस्तुरानं स्वतःच्या प्रबंधाचं मरणपत्र दोन कार्बन घालून टाईप केलं. एकही चूक नव्हती. शेवटच्या ओळीनंतर तिनं कागद असा ओढला की मशीन टेबलावरून हललं.

“शितोळेसाहेब,” ती म्हणाली. तोवर मी ‘काका’ होतो. “सही करा. समजलं असेल तर.”

“माझी पेन्शन चार वर्षांवर आलीय गं.”

“आणि खंडूभाऊंची?”

“मी एकटा काय करणार?”

“त्या चाळीस जणांना मी शब्द दिलाय, त्यांची नावं माझ्या तोंडून कधी येणार नाहीत. एकेचाळिसाव्याचंही येणार नाही. पण त्याला स्वतःला तोंड आहे. सूचना लिहिताना चांगलं चालत होतं.”

असं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. बायकोसुद्धा इतक्या थोडक्यात बोलत नाही. चौकशीच्या दिवसापर्यंत मी चार रात्री तिच्यावर चिडलो. कोण ही पोरगी, हिच्या बापानं खोकी ठोकली, मी हिला नोकरीला लावली, वगैरे. पाचव्या दिवशी चिडायला दुसरं कुणी उरलं नाही. मीच उरलो.

चौकशीला पुण्याचे एक वकील बसले होते. रंगरावसाहेबांनी रजिस्टर ठेवलं. खंडू भिंतीला टेकून उभा. मी उठलो आणि म्हणालो, “ही पाटी मी लिहिली. ती वाचून मलाच प्रेस चालवता आला नाही. हात आत आणि पाय पायडलवर. मशीन चालू असतं तर आज ही साक्ष मी डाव्या हातानं लिहून दिली असती.”

“ज्योतीराम, बरं नाही का तुम्हाला?” साहेब म्हणाले.

“साहेब, तुम्ही करून दाखवा. प्रेस चालू ठेवून.”

वकिलांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे.

खंडूला काढलं नाही. स्टोअरला बसवलं. पाटी उतरवली. माझी बदली चाकणच्या गोडाऊनला झाली, तिथं कांद्याच्या वासात बसून सूचना लिहायला काही नव्हतं. पण कस्तुराला परवानगी परत मिळाली नाही. ते पत्र गेलं ते गेलंच. माझ्याच सहीचं.

पुण्याचे तिचे सर भला माणूस. म्हणाले, “यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी नवा विषय घ्या. वर्तमानपत्रांचे मथळे घ्या, छान निरुपद्रवी विषय आहे.”

“मथळ्यात कुणाची बोटं अडकत नाहीत म्हणून?” असं ती सरांना म्हणाली. हे मला भिवानं सांगितलं आणि वर म्हणाला, “पोरगी घरात भांडी आपटती राव. आईची न्हवं, स्वतःचीच.”

मग भिवानंच मार्ग काढला. माहिती कारखान्यातली चालत नसेल, तर कारखान्याबाहेर गोळा करायची. गेटच्या आत साहेबांची परवानगी लागते, चिंचवडला आपल्या चाळीच्या समोर पिंपळाखाली कुणाची लागते? त्यानं खोक्याच्या फळ्यांचा एक प्रेस ठोकला, खऱ्या मापाचा. वरून खाली येणारा ठोकळा, खाली पायडल, मध्ये साचा. ठोकळ्याला तळाशी जुनं गोणपाट, म्हणजे बोट दुखेल पण जाणार नाही. पाटीचा मजकूर कस्तुरानं खडूनं फळीवर उतरवला, शेजारी दुसऱ्या फळीवर तिचे सहा शब्द. अर्ध्या लोकांनी माझं वाचायचं, अर्ध्यांनी तिचं.

रविवारी चिंचवडला गेलो तेव्हा रांग लागली होती. चहा नव्हता, कुपन नव्हतं, तरी रांग होती. आमच्याच प्रेस शॉपची माणसं, शिवाय शेजारच्या दोन कारखान्यांतली. खंडू रांग लावत होता. “भाऊ, मागनं या,” म्हणाला. मी मागे जाऊन उभा राहिलो.

तासाभरानं नंबर लागला. कस्तुरा वहीत बघत होती.

“वय?”

“चोपन्न. अगं, मी...”

“शिक्षण?”

“तुला माहीत आहे.”

“शिक्षण?”

“बी.ए.”

“प्रेसवर काम केलंय?”

“नाही.”

“डावीकडची फळी वाचा.”

डावीकडची माझी होती. वाचली. रांगेत कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी पाय काढला, मुद्दाम दोन हात लांब ठेवला आणि हात आत घातला. मला वाटलं, आता तरी ती वर बघेल.

“तुम्हाला आधीपासून उत्तर माहीत होतं,” ती म्हणाली. “तुमची नोंद धरता येत नाही.” तिनं एक आडवी रेघ मारली. खूप दाबून मारली, पेन कागदाच्या पलीकडे गेलं.

“कस्तुरा, मी साक्ष दिली होती गं.”

“अठरा दिवस आधी द्यायची होती,” ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून हाक मारली, “पुढचे या.”