माझंच ठेव

शपथेवर सांगते, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे. मी एक फाईल बोलतेय. माणसांनी जे भरलं तेच माझ्यातून बाहेर येतं, पदरचं घालायची सोयच नाही. आता, निम्म्या गिऱ्हाइकांनी चोरून सांगितलेली वयं माझ्या पोटात सुखानं नांदताहेत, आणि तिखटमीठ लावल्याशिवाय मलाही राहवत नाही, ते सोडा. एकूणात खरं आहे.

दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका कारखान्याची मी डेटाबेस फाईल. कुणाच्या तोंडात किती दात स्वतःचे आणि किती विकतचे, हे दोघांनाच ठाऊक, देवाला आणि मला. देव बोलत नाही.

मला जन्माला घातलं मालकाच्या वहिनीनं. सगळेच तिला वहिनी म्हणतात, मालकाची आईसुद्धा. तिनं संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास केला आणि शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून मला केलं. नाव, वय, फोन, दातांचा रंग, चाव्याची उंची, म्हणजे दात मिटल्यावर दोन जबड्यांत राहणारं अंतर, आणि शेरा. एवढीशी होते मी. कारखान्याच्या आतल्या खोलीत, प्लास्टरच्या भुकटीनं पांढऱ्या पडलेल्या कॉम्प्युटरवर माझं बालपण गेलं.

एका फाईलमध्ये चार-पाच जणांनी एकदम शिरायचं म्हणजे एका ताटात सगळ्यांनी जेवायचं. मधून मधून ताट घासावं लागतं. त्यासाठी वहिनी रोज दुपारी खुर्चीतून न उठता हाक मारायची, "बाहेर या रे सगळे!" की सगळे मुकाट्यानं माझ्यातून बाहेर. मग ती माझं सैल पडलेलं आवळायची, उसवलेलं शिवायची आणि पुन्हा सगळ्यांना आत सोडायची. एखादा आतच रेंगाळला तर त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहायची. एवढीच काय ती सुरक्षाव्यवस्था, पण चालत होती.

पुढे धंदा वाढला. शहरात तीन ठिकाणी मापं घ्यायची काउंटरं निघाली. आणि मालकाचा मेहुणा पाहुणा म्हणून आला तो सल्लागार म्हणून राहिला. त्यानं जाहीर केलं की फाईल आता ढगात जाईल. ते ऐकून मालकाची आई हळहळली आणि कधी गेली म्हणून विचारू लागली. ढग कसला डोंबलाचा! परक्या शहरातल्या गारठलेल्या खोलीतलं एक कपाट. तीन काउंटरं आणि कारखाना, सगळे आपापल्या जागेवरून एका खिडकीवाटे माझ्यात शिरणार.

वहिनीनं एकच शंका काढली, तिथवर माझी हाक कशी पोचायची?

"आता ओरडायची गरजच नाही, वहिनी," मेहुणा म्हणाला. "सगळं आपोआप."

आपोआप म्हणजे ते काम यापुढे कुणीही करणार नाही, हा माझा अनुभव. पण वहिनीच्याही घशाला विश्रांती हवीच होती. तिनं मान डोलावली.

बाजारातल्या काउंटरवर बसतात मालकाचे मामा. काम झालं की माझ्यातून रीतसर बाहेर पडायला एक बटण आहे. मामांचा त्याला बोट लावायलाही विरोध. ते थेट खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबतात. फुली मारली की संपलं, अशी त्यांची समजूत. खिडकी मिटते खरी, पण मामा आतच असतात. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली की अर्धवट लिहिलेली ओळ कालच्या जागी, कालच्यासारखीच. मामांना याचं भारी कौतुक. पान सोडलं तिथंच उघडतं, याला म्हणतात यंत्र, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

आता आप्पा. आप्पा म्हणजे वहिनीचे वडील, निवृत्त हेडमास्तर. उभी हयात पोरांना "गप्प बसा" म्हणण्यात गेली. त्यांच्या शाळेनं नवीन वाचनालय बांधलं आणि उद्घाटनाला त्यांना बोलायला बोलावलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना "बोला" म्हणत होतं. दात नेमके तेव्हाच गेलेले. भाषण पाठ, तोंड तेवढं बाकी. वहिनीनं माझ्यात त्यांच्या नावापुढे शेरा मारला, 'तातडीचं'.

आधी मेणातली कच्ची कवळी लावून पाहिली तर उंची जास्त भरली. ओठच मिटेनात. वहिनीनं लगेच माझ्यात उंची कमी केली आणि कारागिराला सांगितलं, फाईलमधलं माप बघ आणि कर.

पण आदल्या दिवशी मामांनी आप्पांचीच नोंद उघडली होती. नवा फोन नंबर लिहायला घेतला, निम्मा झाला, जेवणाची वेळ झाली, फुली. उंची सुधारून वहिनी वळते न वळते तोच मामा परतले. कालची नोंद, कालची उंची, अर्धा नंबर. मामांनी नंबर पुरा केला.

मी त्यांच्या वाटेत आडवी पडले. ढळढळीत पाटी लावली, 'तुम्ही लिहीत असताना ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे.' खाली तीन बटणं. पहिलं, माझं ठेव. दुसरं, माझं बाजूला ठेव, आधी त्यांचं बघतो. तिसरं, माझं सोड.

"काय कुरकुरतेय गं ही?" मामांनी शेजारच्या माप घेणारीला विचारलं.

"दुसऱ्या कुणीतरी बदललंय म्हणतेय, मामा. वहिनींना फोन लावू का?"

"फोन नंबर मी लिहितोय, दुसरा कोण बदलणार? माझंच ठेव."

आणि पहिलं बटण दाबलं. इतकी वर्षं माणसं पाहतेय, दुसऱ्या-तिसऱ्या बटणावर धूळ बसलीय.

ठेवायची तर नोंद अख्खीच ठेवली जाते, म्हणून आप्पांचा नंबर नवा झाला, उंची पुन्हा जुनी. कारागिरानं माझ्यावर विश्वास टाकून कवळी केली. ती पोचली समारंभाच्या दिवशीच, आणि आप्पांनी ती गाडीत बसल्यावर लावली.

काय सांगू! आप्पा उभे राहिले. टाळ्या. "माझ्या मुलांनो" म्हणायला तोंड उघडलं, आणि 'म' म्हणायला ओठ मिटायला गेले तशी कवळी सुटली, माइकवर टण्णकन आपटली आणि अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासात पडली. तिथून तिनं भाषणाची आणखी दोन वाक्यं पुरी केली. अध्यक्षांनी मान डोलावली.

नंतर कारखान्यात पंचायत बसली. मेहुण्यानं वापरणाऱ्यांना दोष दिला, मामांनी यंत्राला, कारागिरानं मापाला. वहिनी म्हणाली, मी या हातांनी उंची बदलली होती. मालकानं सगळ्यांचं ऐकलं आणि न्याय दिला की फाईल जुनी झाली. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. घरात भांडण नको असेल तर एक मुकं माणूस जवळ असावं.

अजून मलाच राबवताहेत. आता वहिनी रोज दुपारी तिन्ही काउंटरांना फोन करून सांगते, "बाहेर या रे सगळे." मामा "आलो आलो" म्हणतात आणि फुली दाबतात. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिच्यातून नीट बाहेर पडत जा. आणि ती पाटी लावते तेव्हा वाचा. ती हौसेनं लावत नाही.

राहता राहिली शपथ. कवळी उडाली नाही, ती मी उडवली, तुम्ही हसावं म्हणून. ग्लास नव्हता, माइकवर काही आपटलं नाही. गाडीतच आप्पांना कळलं की ओठ मिटत नाहीत. त्यांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला, आणि नाव पुकारलं तेव्हा शेवटच्या रांगेत तोंडावर रुमाल धरून नुसता हात हलवला. सभागृहात सगळे गप्प बसले होते. अगदी त्यांनी शिकवलं होतं तसे. बाकी पाटी, बटण आणि "माझंच ठेव", अक्षरन् अक्षर खरं.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्यात आली. तिनं आप्पांची उंची पुन्हा बरोबर भरली. मग शेऱ्यातला 'तातडीचं' हा शब्द पुसला, आणि रीतसर बाहेर पडली.